टॉवरविरुद्धचा अर्ज परत का येतो

सोसायटीच्या गच्चीवर मोबाईल टॉवर येतोय असं कळलं की रहिवाशांचा पहिला अर्ज महापालिकेत जातो. वर ठळक अक्षरांत ‘रेडिएशनमुळे कॅन्सर’, खाली ऐंशी सह्या. महिनाभराने उत्तर येतं: ‘सदर विषय या कार्यालयाच्या अखत्यारीत नाही.’ उत्तर कोरडं आहे, पण चुकीचं नाही. रेडिएशन केंद्राच्या दूरसंचार विभागाकडे. पालिकेकडे टॉवरचे कागद आणि इमारतीची सुरक्षितता. दोन्ही एकाच अर्जात कोंबलंत की दोन्ही बुडतात.

रेडिएशनसाठी दूरसंचार विभागाचं ‘तरंग संचार’ पोर्टल आहे. 4,000 रुपये भरून कोणालाही मोजणी मागता येते. पण थांबा. 1 सप्टेंबर 2012 पासून आपली मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे. म्हणजे 900 मेगाहर्ट्झच्या लहरींसाठी चौरस मीटरमागे 0.45 वॅट. आकडा त्याच्या आत आला, तर तोच अहवाल कंपनी तुमच्यापुढे नाचवणार. भीती हा पुरावा नाही, हे सह्या गोळा करण्याआधीच समजून घ्या.

पालिकेकडे मागायचा कागद एकच: इमारत टॉवरचं वजन पेलेल, असा स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला. तो कोणाकडेच नसतो. सेक्रेटरी म्हणतात कंपनीकडे, कंपनी म्हणते पालिकेत दिला. मग माहिती अधिकार. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा, 150 शब्दांत, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. एका काकांनी चार पानी कैफियत लिहिली होती. आम्ही ती तीन ओळींवर आणली, तेव्हा कुठे प्रत मिळाली. दाखल्यात इमारत पाच मजली, प्रत्यक्षात सात! वजनाच्या हिशेबात जनरेटरही नव्हता. या दोन मुद्द्यांवर हरकत ऐकली गेली.

माहिती 30 दिवसांत आली नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील. ‘साहेब रजेवर आहेत’ ऐकत बसलात की ही मुदत हातची जाते, आणि साहेब मात्र परत येतात.

गच्ची सामाईक असेल तर सर्वसाधारण सभेचा ठराव झाला का, ते इतिवृत्तात बघा. नुसत्या कमिटीच्या सह्यांवर करार झाला असेल तर तक्रार सहकार उपनिबंधकांकडे. ती सभासदानेच करावी. भाडेकरूच्या सहीने ती अडकते. आणि प्रत्येक कागदाची पोच शिक्क्यासह घ्या, तारीख वाचता येतेय ना ते खिडकीसमोरच तपासा.