हाताची भूल रात्रभर टिकावी म्हणून

गुऱ्हाळाच्या चरकात बोटं सापडलेला माणूस असो, शिरोली एमआयडीसीत प्रेसखाली मनगट गेलेला कामगार असो, नाहीतर तालमीत कोपर मोडून घेतलेला पैलवान. कोल्हापुरात अशा ऑपरेशनला आम्ही भूलतज्ज्ञ शक्यतो पूर्ण भूल टाळतो. गळपट्टीच्या हाडाच्या वर सुई घालून हाताकडे जाणाऱ्या नसांचा (मज्जातंतूंचा) जुडगा तेवढा बधिर करायचा. यालाच आम्ही 'ब्लॉक' म्हणतो. रुग्ण जागाच असतो. "हात माझा न्हवंच वाटतोय," म्हणतो आणि स्वस्थ पडून राहतो.

खरी परीक्षा रात्री असते. दुपारी दिलेला ब्लॉक मध्यरात्रीच्या सुमारास उतरतो आणि तोवर अडवून धरलेली कळ एकदम येते. "आता सोसंना झालंय" हे शब्द मी वॉर्डात अनेकदा ऐकले आहेत. ब्लॉकमध्ये दुसरी औषधं मिसळण्याचा सगळा खटाटोप या एका रात्रीसाठी आहे.

१८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलरने कोकेनने डोळा बधिर करून दाखवला. लगेचच न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉल्स्टेड नसांपाशी कोकेन टोचू लागला. स्वतःवर प्रयोग करता करता त्याला त्याचं व्यसन जडलं. कोकेन विषारी आणि रक्तात लवकर भिनणारं. यावर १९०३ मध्ये जर्मनीच्या हाइनरिश ब्राउनने उपाय काढला : सोबत चिमूटभर ॲड्रिनलिन. त्याने आजूबाजूच्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध नसेपाशीच थांबतं, रक्तात कमी जातं. मिसळीच्या औषधांची सुरुवात ही अशी झाली. आजही लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाच्या ॲड्रिनलिनवाल्या बाटलीवर '१ : २,००,०००' असं छापलेलं दिसतं, ते ॲड्रिनलिनचंच प्रमाण.

१९११ च्या सुमारास हिर्शेल आणि कुलेनकाम्फ या जर्मन सर्जननी, पहिल्याने काखेतून आणि दुसऱ्याने गळपट्टीवरून, कातडी न चिरता त्वचेतूनच सुई घालण्याची वाट दाखवली. कुलेनकाम्फने ती आधी स्वतःवर करून पाहिली होती, याचं मला आजही नवल वाटतं.

पुढे १९५७ मध्ये ब्युपिव्हाकेन हे बधिर करणारं नवं औषध तयार झालं. त्याचा अंमल कित्येक तास टिकतो, म्हणून ॲड्रिनलिनचं महत्त्व जरा ओसरलं. पण १९७९ मध्ये अमेरिकी भूलतज्ज्ञ जॉर्ज ऑलब्राइट यांनी इशारा दिला की हे औषध चुकून रक्तवाहिनीत गेलं तर हृदय बंद पडू शकतं आणि ते पुन्हा चालू करणं फार अवघड जातं. म्हणजे डोस वाढवून रात्र निभावायची वाट बंद झाली. मग डोस तोच ठेवून सोबतीला काय घालावं, याचा शोध जोरात सुरू झाला.

रक्तदाबासाठीचं क्लोनिडिन आलं. अनेक अभ्यास एकत्र करून २००९ मध्ये हिशेब मांडला गेला, तेव्हा ब्लॉक साधारण दोन तास लांबतो असं दिसलं. त्याच जातीचं, पण जास्त नेमकं काम करणारं डेक्समेडेटोमिडिन त्याहून बरं ठरलं. मात्र नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो, म्हणून मॉनिटरवरून नजर हलवता येत नाही. आणि डेक्सामेथासोन, आपल्या प्रत्येक दवाखान्यात असणारं काही रुपयांचं स्टेरॉइड, ब्लॉक कित्येक तास लांबवतं. ते शिरेतून दिलं तरी बराचसा फायदा होतो. म्हणून माझा कल तिकडेच आहे. नसेपाशी जितकं कमी टोचू तितकं बरं. शिवाय नसेपाशी देण्यासाठी या औषधांना अधिकृत परवाना नाही. भारतात एमडीच्या किती प्रबंधांना या मिसळीने विषय पुरवला असेल, पण तिथेही मोजलं जातं ते बहुतेक तासांत. हात जास्त वेळ बधिर राहिल्याने काय बिघडू शकतं, त्याकडे कमी लक्ष जातं.

बिघडतं ते असं. प्लास्टर आवळलं, आत सूज वाढून रक्तपुरवठा तुटू लागला, तर पहिली सूचना कळ देते. हात गाढ बधिर असेल तर ती उशिरा पोचते. म्हणून कोपर ते मनगट यांमधलं हाड मोडलेल्या किंवा हात चेंगरलेल्या रुग्णाला मी ब्लॉक मुद्दाम लांबवत नाही. बोटांचा रंग आणि ऊब दर तासाला बघायला सिस्टरना सांगतो. आणि सोबत आलेल्या माणसाला बजावतो : "दुखो न दुखो, रात्री आठला गोळी द्यायचीच. कळ आल्यावर देत बसू नका. हात झोळीत ठेवा, चहाचा गरम कप त्या हाताजवळ नको."