प्रादेशिक नियोजनातील पर्यावरणविचार : सोलापूर

वीस-पंचवीस वर्षांचा विकास आखताना प्रदेशातील पाणी, माती, माळरान व जंगल यांची मर्यादा आधी ठरवायची आणि तिच्या आत वस्ती, शेती व उद्योग बसवायचे, अशी ही नियोजनपद्धती आहे. महाराष्ट्रात तिला प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ चा आधार आहे. त्याच्या कलम १४ नुसार वन्यजीव व नैसर्गिक संपत्तीचे जतन, जमिनीची धूप रोखणे आणि नदीप्रदूषणाला आळा घालणे या बाबी प्रादेशिक योजनेत घेता येतात. प्रत्यक्षात जमिनीच्या वापराचे पट्टे आधी ठरतात आणि पाण्याचा विचार मागाहून होतो. सोलापूर जिल्हा या उलट्या क्रमाची किंमत मोजतो आहे.

जिल्हा पर्जन्यछायेत आहे. वर्षाचा पाऊस सरासरी ५५० मिमी.च्या आसपास. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) असली, तरी त्यातील ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा आहे, म्हणजे हाताशी राहते ते जेमतेम ५३ टीएमसी. त्याच पाण्यावर बारमाही ऊस वाढला, साखर कारखाने वाढले, फताटेवाडीचा १,३२० मेगावॅटचा औष्णिक वीजप्रकल्प उभा राहिला. सोलापूर शहरासाठी तर वर्षानुवर्षे नदीपात्रातून औज बंधाऱ्यापर्यंत पाणी सोडले गेले. त्यातले कितीतरी वाटेतच मुरते आणि उडून जाते. उजनीहून शहरापर्यंतच्या समांतर जलवाहिनीमुळे ही नासाडी टळते, पण उसाचे क्षेत्र तसेच राहिले तर टंचाई हटणार नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे पातळीत, म्हणजे मृतसाठ्याच्या आत, खोलवर गेले होते.

पाण्याच्या दर्जाचे दुखणे जिल्ह्याच्या हद्दीबाहेर सुरू होते. पुणे व पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी या नद्यांतून भीमेत आणि तिथून उजनीत येते. सोलापूरने आपला आराखडा कितीही नेटका केला, तरी भीमा खोरे हेच नियोजनाचे एकक मानल्याशिवाय जलाशय स्वच्छ होणे अशक्य आहे.

माळरानाची गोष्ट वेगळी. १९७९ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी सोलापूर व तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत सुमारे ८,४९६ चौ.किमी.चे अभयारण्य घोषित झाले. त्यात खाजगी शेते व गावठाणेही आली. जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आले आणि ज्या शेतकऱ्यांच्या साथीने पक्षी वाचायचा, तेच दुरावले. पुढे क्षेत्र सुमारे १,२२२ चौ.किमी.पर्यंत घटवण्यात आले. तोवर माळढोक जवळजवळ नाहीसा झाला होता. या अभयारण्यातील नान्नजच्या गवतात काळवीट व लांडगे अजून आहेत. त्यांच्यासाठी चराईचे नियम मेंढपाळांशी बोलून ठरवणे आणि उरलेले माळ पडीक समजून कारखान्यांना किंवा सौरप्रकल्पांना न देणे, हे तालुकानिहाय योजनेत आजही करता येण्याजोगे काम आहे.