बिझनेस आर्किटेक्ट : पायाभूत प्रकल्पांतील भूमिका

मोठा पूल, मेट्रो, बंदर किंवा विमानतळ बांधून झाल्यावर तो कोण चालवणार, कोणाच्या पैशातून, कोणत्या कायदेशीर अधिकाराने आणि कोणत्या माहितीच्या आधारे, याची मांडणी प्रकल्प कागदावर असतानाच करणारा तज्ज्ञ म्हणजे बिझनेस आर्किटेक्ट. वास्तुविशारद, स्थापत्य अभियंता आणि प्रकल्प व्यवस्थापक यांच्याबरोबर तो काम करतो, पण त्याचे लक्ष बांधकामाच्या अलीकडे आणि पलीकडे असते. अलीकडे जमीन, निधी आणि करार. पलीकडे अनेक दशके चालणारी सेवा. ठाणे आणि नवी मुंबई परिसरात सिडको (नवी मुंबई वसवणारे राज्य सरकारचे महामंडळ), एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), महामेट्रो (महाराष्ट्र मेट्रो रेल महामंडळ), मध्य रेल्वे, जेएनपीए (जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण), बुलेट ट्रेनचे राष्ट्रीय हायस्पीड रेल महामंडळ आणि महापालिका यांच्या हद्दी व जबाबदाऱ्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत. या भूमिकेची गरज किती खरी आहे ते इथे स्पष्ट दिसते.

बिझनेस आर्किटेक्चर ही विद्याशाखा मुळात बांधकाम क्षेत्रातली नाही. बँका, विमा कंपन्या आणि मोठ्या सरकारी खात्यांत संगणकप्रणाली बसवताना एक अडचण वारंवार येई : संस्था नेमकी कशी चालते याचे एकसंध चित्र कोणाकडेच नसे. १९८७ मध्ये जॉन झॅकमन यांनी माहितीप्रणालींच्या रचनेसाठी एक चौकट मांडली. पुढे टोगॅफ या, संस्थेची एकूण रचना मांडण्याच्या चौकटीत बिझनेस आर्किटेक्चरला स्वतंत्र टप्पा मिळाला, आणि तोही माहितीप्रणाली व तंत्रज्ञान यांच्या टप्प्यांच्या आधी. पायाभूत प्रकल्पांत हा विचार आला तो प्रकल्प गुंतागुंतीचे झाले म्हणून. आजची मेट्रो म्हणजे रूळ आणि खांब यांच्याबरोबरच सिग्नल, तिकीटप्रणाली, वीजखरेदी, सुरक्षा आणि डझनभर करार.

बिझनेस आर्किटेक्टचे मुख्य साधन म्हणजे क्षमता नकाशा. सेवा चालवायला संस्थेला काय काय करता आले पाहिजे, याची ती पूर्ण मांडणी असते. मेट्रोच्या बाबतीत तिकीट विकणे, गाडी सोडणे, रूळ तपासणे, बोगद्यात अडकलेली गाडी रिकामी करणे, हरवलेले सामान परत देणे, भाडे ठरवणे अशा प्रत्येक क्षमतेपुढे चार गोष्टी लिहाव्या लागतात : जबाबदार कोण, अधिकार कुठून, माणसे किती व कोणत्या प्रशिक्षणाची, आणि खर्च कोणत्या खात्यातून. यातला एखादा रकाना कोरा राहिला तर तिथे पुढे सेवा अडणार. दुसरे साधन मूल्यप्रवाहाचे. त्यात प्रवासी घरातून निघाल्यापासून मुक्कामी पोहोचेपर्यंतची वाट टप्प्याटप्प्याने आखली जाते. प्रवासी एका संस्थेच्या ताब्यातून दुसऱ्या संस्थेच्या ताब्यात जातो, ते सांधे या वाटेवर उघडे पडतात. अनुभव असा की बिघाड बहुधा या सांध्यांवरच होतो.

लंडनच्या हीथ्रो विमानतळाचे टर्मिनल ५ हे या विषयात कायम दिले जाणारे उदाहरण आहे. सुमारे ४.३ अब्ज पौंडांचे हे बांधकाम वेळेत आणि अंदाजपत्रकात पूर्ण झाले, याचे कौतुकही झाले. २७ मार्च २००८ रोजी ते प्रवाशांसाठी खुले झाले आणि पहिल्याच दिवशी सामानाची व्यवस्था कोलमडली. कर्मचाऱ्यांना वाहने लावायला जागा सापडेना, सुरक्षा तपासणीपाशी ते अडकले, नव्या प्रणालीची पुरेशी सवय त्यांना नव्हती. पुढच्या काही दिवसांत शेकडो उड्डाणे रद्द झाली. इमारत तयार होती, पण ती चालवणारी संस्था तयार झालेली नव्हती. आता मोठ्या विमानतळांवर परिचालन-सज्जतेचा कार्यक्रम बांधकामाच्या जोडीनेच चालवतात, आणि त्यात बिझनेस आर्किटेक्टचा क्षमता नकाशा पायाभूत कागद ठरतो.

नवी मुंबईत हे काम, या पदाचे नाव कोणी ऐकले नव्हते तेव्हा, फार मोठ्या ताकदीने झालेले आहे. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची. ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्रावर नवे शहर वसवायचे होते. लोकलशिवाय माणसे राहायला येणार नाहीत, आणि माणसे नसतील तर रेल्वे खाडी ओलांडून मार्ग टाकणार नाही, असा पेच होता. तो सुटला तो पैशाच्या मांडणीने. मानखुर्द-वाशी मार्गाच्या खर्चातला ६७ टक्के वाटा सिडकोने उचलला, ३३ टक्के रेल्वेने. गाडी आली की आसपासच्या जमिनीची किंमत वाढणार होती आणि ती जमीन सिडकोचीच होती, त्यामुळे भूखंडविक्रीतून खर्च भरून निघण्याची वाट तयार झाली. स्थानकांच्या इमारतींत व्यापारी गाळे आणि कार्यालये बांधली गेली, तिकिटावर अधिभार लागला. १९९२ मध्ये मानखुर्दहून वाशीला लोकल आली. वाशी आणि बेलापूरची प्रशस्त स्थानके पाहताना त्यांच्या वास्तुरचनेचे कौतुक होते, पण त्यामागची आर्थिक रचना त्याहून मोठी कामगिरी आहे असे म्हणावे लागेल.

तीच विभागणी पुढे नेरूळ-बेलापूर-उरण मार्गाला वापरली गेली. तिथे मात्र भूसंपादन आणि कांदळवनांशी संबंधित परवानग्यांनी वेळ खाल्ला : खारकोपरपर्यंत गाडी नोव्हेंबर २०१८ मध्ये धावली, उरणपर्यंत जानेवारी २०२४ मध्ये. निधीची मांडणी चोख असली तरी परवानगीचा रकाना कोरा असेल तर काय होते, ते या मार्गावर दिसते. या प्रारूपाची आणखी एक बाजू नोंदवायला हवी. गाड्या रेल्वेच्या आणि इमारती सिडकोच्या, अशी विभागणी झाल्यामुळे गळके छत किंवा बंद पडलेला जिना दुरुस्त कोणी करायचा, हा प्रश्न प्रवाशांच्या वाट्याला आला. बांधणीचा करार करतानाच देखभालीचा सांधा बांधून घेणे हे बिझनेस आर्किटेक्टचे काम.

नवी मुंबई मेट्रोच्या पहिल्या मार्गाचे, बेलापूर ते पेंधर या सुमारे ११ किलोमीटर व ११ स्थानकांच्या मार्गाचे, काम २०११ मध्ये सुरू झाले आणि प्रवासी सेवा १७ नोव्हेंबर २०२३ रोजी. सिडको ही नगररचना करणारी आणि जमीन विकसित करणारी संस्था. रोज गाड्या चालवण्याचा तिला अनुभव नव्हता. परिचालनासाठी महामेट्रोची नियुक्ती झाली. मालकी एकीकडे आणि परिचालन दुसरीकडे ही रचना चुकीची मुळीच नाही, जगभर ती रूढ आहे. पण चालवणारी संस्था आराखड्याच्या वेळी हजर असली तर डेपोची मांडणी, सुट्या भागांचा साठा, कर्मचारीसंख्या या सगळ्यांत तिचा शब्द लागतो.

या परिसरात काम करणाऱ्या बिझनेस आर्किटेक्टला सर्वांत खोलवर समजून घ्यावा लागतो तो ‘साडेबारा टक्के’चा विषय. जमीन देणाऱ्या शेतकऱ्यांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये उरण-जासई भागात आंदोलन केले. गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून १९९० मध्ये संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली, आणि विमानतळबाधितांसाठी हे प्रमाण साडेबावीस टक्क्यांवर गेले. नियोजनाच्या भाषेत याला पुनर्वसन म्हणतात आणि अहवालाच्या शेवटच्या प्रकरणात टाकतात. खरे तर ही प्रकल्पाने घेतलेली दीर्घ मुदतीची बांधिलकी आहे. ती पाळायला सातबाऱ्यावरची नावे, वारसनोंदी, गावठाणाच्या हद्दी, भूखंडांची सोडत, रस्ता-पाणी-गटार आणि तक्रारनिवारण एवढ्या क्षमता संस्थेत असाव्या लागतात, आणि त्या काँक्रीट ओतण्याच्या क्षमतेइतक्याच महत्त्वाच्या असतात. क्षमता नकाशात त्यांना जागा नसेल तर तो नकाशा अपुरा आहे. तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, चिंचपाडा ही गावे विमानतळासाठी उठली. ज्यांनी घरे सोडली त्यांच्या भूखंडाची नस्ती कोणत्या टेबलावर आहे, हे कळणे हा त्यांचा हक्क आहे.

नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळ ही या भूमिकेची या परिसरातली सर्वांत मोठी कसोटी. उलवे टेकडी कापून आणि उलवे नदीचा प्रवाह वळवून सुमारे १,१६० हेक्टरांवर तो उभा राहिला. विमानतळ कंपनीत सिडकोचा वाटा २६ टक्के, उरलेला खाजगी भागीदाराचा. निविदेत ठरलेला, कंपनीच्या महसुलातून सिडकोला मिळायचा वाटा १२.६० टक्के. पण विमानतळावर सीआयएसएफची सुरक्षा, सीमाशुल्क, इमिग्रेशन आणि हवाई वाहतूक नियंत्रण ही कामे केंद्राच्या वेगवेगळ्या यंत्रणांची. कंपनी त्यांना आदेश देऊ शकत नाही. उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि प्रवासी उड्डाणे २५ डिसेंबरला सुरू झाली. मधल्या अडीच महिन्यांकडे उशीर म्हणून पाहणे योग्य नाही. यंत्रणा तैनात करणे, प्रणाली एकमेकींशी जोडणे आणि तालीम घेणे याला असा वेळ द्यावाच लागतो, आणि तो वेळापत्रकात आधीपासून मागून घेण्याची हिंमत बिझनेस आर्किटेक्टकडे असावी लागते.

ठाण्यात प्रश्नाचे रूप निराळे आहे, कारण इथे शहर आधी आणि प्रकल्प नंतर. स्थानकाच्या पश्चिमेचा, परिसरातली वाहतूक सुधारण्यासाठी बांधलेला सॅटिस पूल याचे रोजचे उदाहरण. बस वरच्या मजल्यावर, रिक्षा खाली, शेजारी रेल्वेची हद्द. महापालिका, परिवहन सेवा, रेल्वे आणि वाहतूक पोलीस यांच्या अधिकारांची वेस तिथे काही मीटरांत बदलते. गर्दीच्या वेळी रिक्षाची रांग कोणी लावायची याचे उत्तर आराखड्यात नसते, ते या संस्थांमधल्या लेखी समझोत्यात असावे लागते.

काम संपताना बिझनेस आर्किटेक्ट मागे काय ठेवतो, तर हस्तांतरणाची तयारी. कोणती वाहिनी कुठून जाते, पंप कधी बसवला, हमी कधी संपते, ही माहिती कंत्राटदाराकडून कोणत्या स्वरूपात घ्यायची हे निविदेतच लिहावे लागते. आयएसओ १९६५० ही मानकमालिका यासाठीच आहे. पनवेल महापालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झाली, तेव्हा सिडको वसाहतींतल्या सेवा टप्प्याटप्प्याने तिच्याकडे जाणार होत्या. मधल्या काळात एकीकडे सिडकोचे सेवाशुल्क आणि दुसरीकडे मालमत्ता कर, अशा दुहेरी आकारणीविरुद्ध खारघर-कामोठ्याचे रहिवासी उभे राहिले. सेवा आणि कर एकाच तारखेला सरकले पाहिजेत, ही साधी अट आधी लिहून ठेवता येते.

हे पद आज बहुधा सल्लागार कंपनीच्या पथकात असते आणि अहवाल सादर झाला की रिकामे होते. ते मालक संस्थेत, मुख्य अभियंत्याच्या बरोबरीने आणि सेवा सुरू झाल्यानंतरही काही वर्षे असायला हवे. ठाण्याच्या सुमारे २९ किलोमीटर लांबीच्या, २२ स्थानकांच्या वर्तुळाकार मेट्रोला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली आहे. ठाणे स्थानकाशी तिचा सांधा जुळेल तिथे पादचारी पुलाची देखभाल, सामायिक तिकीट आणि गर्दी आवरण्याचा अधिकार कोणाकडे राहील, हे बांधकाम पुढे सरकण्याआधी ठरवून घेता येईल.