पार्श्वभूमी : हजेरी सुटली, दाखला अडला – कोल्हापूर आणि भटक्या-विमुक्तांची मुलं

महाराष्ट्रात विमुक्त किंवा भटक्या जातीचा दाखला काढायचा तर २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा लागतो, तोही राज्यातल्या वास्तव्याचा. अनुसूचित जमातीसाठी हीच तारीख ६ सप्टेंबर १९५०. कुणबी किंवा मराठा घरात असा जुना कागद शोधायचा झाला तर सातबारा असतो, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला असतो. पालात जन्मलेल्या माणसाचं नाव त्या काळी सरकारी कागदावर असलंच तर बहुधा पोलिसांच्या दप्तरात असायचं. कोल्हापुरातल्या कंजारभाट, पारधी, कैकाडी, वडार वस्त्यांतलं पोर दहावीनंतर शिष्यवृत्तीसाठी कचेरीत उभं राहतं, तेव्हा हाच कागद आडवा येतो.

त्या दप्तराची सुरुवात १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यापासून. एखादी जमात जाहीर झाली की तिच्यातला माणूस जन्मानेच संशयित. नाव नोंदवायचं, हजेरी लावायची, गाव सोडताना परवाना घ्यायचा. आधी उत्तरेपुरता असलेला हा कायदा १९११ मध्ये मुंबई इलाख्यालाही लागू झाला. त्या हजेरीबद्दल बरंच बोललं जातं, मुलांबद्दलच्या कलमाबद्दल फारसं कुणी बोलत नाही. सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून सुधारशाळेत ठेवण्याचा अधिकार या कायद्याने सरकारला दिला होता. ऑस्ट्रेलिया आणि कॅनडातही त्याच काळात आदिवासी मुलांना घरातून उचलून निवासी शाळांत आणि संस्थांत घातलं जात होतं. तिथल्या सरकारांनी २००८ मध्ये त्याबद्दल संसदेत माफी मागितली. आपल्याकडे सोलापूरच्या तारेच्या कुंपणातल्या ‘सेटलमेंट’मध्ये कुटुंबंच्या कुटुंबं ठेवली गेली. त्याचा उल्लेख शालेय पुस्तकांत क्वचितच सापडेल.

कोल्हापूर संस्थानात हजेरीची पद्धत महार, मांग, रामोशी, बेरड या जातींच्या मानेवर होती. रोज गावकामगाराकडे तोंड दाखवायचं. ज्याला दररोज चावडीवर उभं राहायचंय तो चार कोसांवर कामाला जाणार कसा? गावात मिळेल त्या मजुरीवर राबायचं, नाही तर उपाशी राहायचं. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये ही हजेरी बंद केली. फासेपारध्यांच्या बाबतीत त्यांनी आणखी पुढचं पाऊल टाकलं. ज्यांना लोक चोर म्हणत, त्यांनाच कोल्हापूरजवळच्या सोनतळीच्या कॅम्पवर पहाऱ्याला ठेवलं, काम दिलं, राहायला जागा दिली.

शाहूंचं नाव निघालं की १९०२ च्या पन्नास टक्के राखीव जागा आणि वसतिगृहं एवढ्यावरच आपण थांबतो. मला त्यांचा क्रम महत्त्वाचा वाटतो. १९१७ मध्ये सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आलं. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. वर्षभरात हजेरी गेली. बाप चावडीला बांधलेला असेल आणि घरात धान्य नसेल, तर शाळेच्या सक्तीचा उपयोग काय, हे त्या दरबारला कळत होतं.

१९२२ मध्ये महाराज गेले. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. त्याच वर्षी मुंबई राज्याने गुन्हेगार जमाती कायदा रद्द केला, देशभरात तो ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. विमुक्त हे नाव तेव्हापासूनचं. पण १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांचा कायदा आला, त्याच वर्षी भीक प्रतिबंधक कायदा आला, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने पारध्याची शिकार, गारुड्याचा साप, दरवेशाचं अस्वल गेलं. प्राण्यांच्या बाजूने तो कायदा रास्तच होता. माणसांच्या पोटाची पर्यायी सोय मात्र त्यात नव्हती.

वर्गवारीचा घोळ वेगळाच. फासेपारधी अनुसूचित जमातीत, पाल पारधी आणि राज पारधी विमुक्तांत. कैकाडी विदर्भातल्या बहुतेक भागात अनुसूचित जातीत आहे, कोल्हापुरात विमुक्त जातीत. त्यामुळे इथल्या कैकाडी मुलाला अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचं संरक्षणही नाही. कोल्हापूर जिल्ह्यात अनुसूचित क्षेत्र नाही आणि आदिवासींची लोकसंख्या एक टक्क्याहून कमी. साहजिकच आदिवासी विकासाच्या चर्चेत हा जिल्हा नसतोच. २०११ मध्ये यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आली: कुटुंबाला पाच गुंठे जागा आणि २६९ चौरस फुटांचं घर. कागदावर चांगलीच आहे, पण जागा गावातली लागते आणि गावाला शेजारी पारधी नको असतो.

कोल्हापूरचा ऊस तोडायला दर हंगामात बाहेरून येणाऱ्या कुटुंबांनाही इथेच मोजावं लागेल. नवरा-बायकोच्या तोडणी जोडीला ‘कोयता’ म्हणतात; तो मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन निघतो, पोरं बरोबर असतात. यांत बंजारा पुष्कळ, म्हणजे तेही विमुक्तच. पूर्वी कारखान्यांवर या मुलांसाठी हंगामापुरत्या साखरशाळा चालायच्या. शिक्षण हक्क कायद्यानंतर मुलांना नेहमीच्या शाळेत घ्यायचं ठरलं, गावाकडे हंगामी वसतिगृहं आली, स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी पत्रकही आलं. पण फडातली खोप दर काही दिवसांनी हलते, आणि धाकट्याला सांभाळायला थोरली लागते.

देशाच्या जनगणनेत सगळ्या जातींची मोजणी शेवटची झाली ती १९३१ मध्ये. पाळत ठेवायला ज्यांना एकेक करून नोंदवलं, त्यांना काही द्यायची वेळ आली तेव्हा मोजलंच गेलं नाही. भटक्या-विमुक्तांसाठी केंद्राने नेमलेल्या रेणके आयोगाने दिलेला दहा-अकरा कोटींचा आकडाही अंदाजच होता. आता पुढच्या जनगणनेत जात नोंदवायचं केंद्राने २०२५ मध्ये ठरवलं आहे, आणि भटक्या-विमुक्तांच्या संघटना स्वतंत्र रकाना मागत आहेत. महाराष्ट्रासाठी गणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. त्या सुमाराला गळीत हंगाम संपत आलेला असतो, तरी बरीच बिऱ्हाडं अजून कोल्हापूरच्या फडांत असतात. प्रगणकाला तिथवर जावं लागेल.