‘बेळगाव’ की ‘बेळगावी’: नावावरून बातमीची पारख होत नाही

सीमाभागातील मराठी वाचकांत एक समज फार वर्षांपासून रूढ आहे: ‘बेळगाव’ छापणारे संकेतस्थळ विश्वासार्ह आणि ‘बेळगावी’ छापणारे खोटे. हा समज चुकीचा आहे.

1 नोव्हेंबर 2014 पासून शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले असल्याने अनेक वृत्तसंस्था केवळ नियम म्हणून तेच वापरतात. जेथे नावाची निवड खरोखर भूमिका दर्शवते, तेथेही त्यातून कल कळतो, बातमीची सत्यता नव्हे. एखादे वृत्तपत्र उघडपणे महाराष्ट्राची बाजू घेऊनही तपशील अचूक देऊ शकते आणि तटस्थ भाषेतील बातमी निराधार असू शकते. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादावर केंद्र सरकारने नेमलेल्या महाजन आयोगाच्या 1967 च्या अहवालाचेच पाहा: त्याने बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवण्याची शिफारस केली, तशीच निपाणी, खानापूर महाराष्ट्राला देण्याचीही केली. दोन्हींपैकी एकच गोष्ट सांगणारी बातमी खोटी नसते, पण अपुरी असते, आणि माझ्या मते अशा गाळण्यातूनच पक्षपात सर्वाधिक घडतो.

विश्वासार्हता तपासायची तर विधान कोणाच्या नावावर आहे, मूळ कागद कोणता, तारीख कोणती आणि चूक झाल्यावर दुरुस्ती छापली जाते का, हे पाहावे. डिसेंबर 2022 मध्ये सीमावाद पेटला असताना नेत्यांच्या नावाने बनावट ट्वीट फिरल्याचे केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांच्या बैठकीनंतर सांगितले होते.