ध्वनिलोप-आच्छादन

अंकीय ध्वनिप्रेषणात आवाजाचा एखादा तुकडा (पॅकेट) वाटेत हरवला किंवा वेळेत पोचला नाही, तर ऐकणाऱ्याच्या यंत्राने त्या जागी अंदाजाने बनवलेला आवाज भरण्याची पद्धत. तंत्रज्ञ तिला पॅकेट लॉस कन्सीलमेंट, बोलताना नुसते पीएलसी म्हणतात. चूक-दुरुस्तीत जादा बिट पाठवून मूळ मजकूर परत मिळवला जातो. इथे गेलेले परत येत नाही, ते गेल्याचे कानाला कळू नये एवढीच खटपट असते.

फोनवरचे बोलणे बहुधा 20 मिलिसेकंदांच्या फ्रेममध्ये, म्हणजे तुकड्यांत, कापून पाठवले जाते. सेकंदाला 8000 नमुने घेणाऱ्या टेलिफोनी आवाजात अशा एका फ्रेमचे 160 नमुने होतात. हरवलेली फ्रेम पुन्हा मागवायला संभाषणात सवड नसते, आणि उशिरा आलेली फ्रेम हरवल्यातच जमा. शिवाय फ्रेम सुट्या सुट्या हरवत नाहीत, घोळक्याने जातात. गोव्याच्या सीमेवरच्या चोर्ला घाटाच्या वळणांवर किंवा तिथल्या सत्तरी तालुक्यातल्या आतल्या गावांत फोनवर बोललेल्याला हे वेगळे सांगायला नको. तिथे सारा दोष पावसाच्या माथी मारण्याची पद्धत आहे, पण मोबाइलच्या नेहमीच्या लहरींना पाऊस फारसा अडवत नाही. अडतात त्या 10 गिगाहर्ट्झच्या वरच्या, दोन टॉवरना जोडणाऱ्या मायक्रोवेव्ह लहरी.

रिकाम्या जागी शांतता ठेवणे सर्वांत सोपे आणि कानाला सर्वांत वाईट, कारण आवाज खटकन तुटतो. म्हणून यंत्र झीलकऱ्याचे काम करते. गोव्यातल्या भजनी सप्ताहात बुवा श्वास घ्यायला थांबले की मागचे तीच ओळ उचलून धरतात, तसे यंत्र शेवटचा ऐकलेला आवाज धरून ठेवते. फरक एवढाच, की झीलकऱ्याला पुढची ओळ पाठ असते, यंत्राला नसते.

टेलिफोनच्या आवाजासाठीच्या जी.711 या आंतरराष्ट्रीय मानकाला 1999 मध्ये जोडलेल्या परिशिष्टात ही कृती नेमकी दिली आहे. स्वर म्हणताना स्वरतंतूंच्या कंपनामुळे तोच तरंग पुन्हा पुन्हा येतो. यंत्र नुकत्याच ऐकलेल्या आवाजात या आवर्तनाची लांबी शोधते, 5 ते 15 मिलिसेकंदांच्या दरम्यान, आणि तेवढा तुकडा पुन्हा वाजवते. सांधा कळू नये म्हणून दोन्ही टोके एकमेकांवर चढवून मिसळतात. त्यासाठी आवाज 3.75 मिलिसेकंद उशिरा सोडावा लागतो. पहिले 10 मिलिसेकंद आवाज पूर्ण ठेवतात, मग दर 10 मिलिसेकंदांना 20 टक्क्यांनी उतरवतात. 60 मिलिसेकंदांनंतर शांतता. उतरवले नाही तर माणसाचा आवाज भुंग्यासारखा गुणगुणू लागतो. जीएसएम या मोबाइल प्रणालीच्या पहिल्या कोडेकमध्येही (आवाज आकड्यांत बसवून पुन्हा उलगडणाऱ्या पद्धतीत) मागची फ्रेम पुन्हा वाजवून हळूहळू आवाज बंद करतात, मात्र तिथली कमाल मुदत 320 मिलिसेकंदांची आहे.

हे खपते त्याचे अर्धे श्रेय कानामागच्या मेंदूला द्यावे लागेल. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वॉरन यांनी 1970 मध्ये एका वाक्यातला ‘स’चा आवाज कापून तिथे खोकला घातला, ऐकणाऱ्यांना ‘स’ ऐकूच आला, आणि खोकला नेमका कुठे झाला ते सांगता येईना. पण सगळ्याच जागा सारख्या नाहीत. लांबलेल्या ‘आ’मधली एक फ्रेम गेली तर पत्ता लागत नाही. ‘खार’ आणि ‘कार’ यांतला फरक मात्र ‘आ’च्या आधीच्या क्षणभर श्वासात असतो. तो नेमका हरवला, तर मागचे कितीही ऐकून पुढचे सांगता येत नाही.

न्यूरल जाळी, म्हणजे ढीगभर आवाज ऐकवून शिकवलेले संगणकी प्रोग्राम, आता याहून पुढचे बोलतात. गूगलने 2020 मध्ये ड्युओ या कॉलिंग अॅपसाठी वेव्हनेटइक्यू आणले. त्यांच्याच आकड्यांनुसार 99 टक्के कॉलना नेटवर्कचा काही ना काही त्रास होत असे. ओपस या कोडेकच्या 1.5 आवृत्तीत, 2024 मध्ये, अशीच सोय आली. इथे धोका वेगळा आहे. तुटका आवाज निदान तुटल्याचे सांगतो, खरा वाटणारा बनावट आवाज तेही सांगत नाही. म्हणून वेव्हनेटइक्यूसुद्धा 120 मिलिसेकंदांपर्यंत आवाज शून्यावर आणते. आखातातल्या मुलाने घरी पैशाचा आकडा सांगताना यंत्राने मनाची अक्षरे भरलेली कोणाला चालतील?

संगीतात ही पद्धत उघडी पडते. तंबोऱ्याचा सूर किंवा हार्मोनियमची दाबलेली पट्टी झाकता येते, कारण तिथे आवर्तन टिकून असते. तबल्याचा बोल आधी काही सूचना न देता येतो आणि त्याचा आघात काही मिलिसेकंदांत संपतो. तो हरवला तर मागच्या घुमाऱ्याची पुनरुक्ती ऐकू येते, बोल नाही, आणि पुन्हा वाजवलेला आघात तर नसलेली मात्रा घालतो. तबलावादक लयभास्कर खाप्रूमामा पर्वतकरांच्या गोव्यात ही चूक लपणे कठीण. ऑनलाइन शिकवणीत शिष्याने तिहाई चुकवली की जोडणीने, हे गुरूला पडद्यावरून ठरवता येत नाही. मग रियाजाची ध्वनिफीत पाठवायला सांगणे बरे. फाइलमधले हरवलेले पॅकेट पुन्हा मागवले जाते, म्हणून वाटेत झाकण्याची वेळच येत नाही.