कोहा ग्रंथालय प्रणाली : यंत्रसामग्री

कोहा ही पुस्तकांची देवघेव, तालिका (कॅटलॉग), खरेदी आणि सभासदनोंद सांभाळणारी मुक्तस्रोत संगणकप्रणाली. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ येथील ग्रंथालयांसाठी ती १९९९ मध्ये तयार झाली आणि जानेवारी २००० मध्ये वापरात आली. ‘कोहा’ या माओरी शब्दाचा अर्थ भेट. परवान्याला पैसे पडत नाहीत, म्हणून बडोद्यातल्या वाचनालयाला खर्च उरतो तो यंत्रांचा. तो सर्व्हरपेक्षा, म्हणजे कोहा चालवणाऱ्या मुख्य संगणकापेक्षा, विजेची सोय आणि बॅकअप यांवर करणे शहाणपणाचे.

कोहा लिनक्स या कार्यप्रणालीवर, बहुधा तिच्या डेबियन किंवा उबुंटू या प्रकारांवर, बसवतात. सोबत नोंदी साठवायला मारियाडीबी किंवा मायएसक्यूएल, ब्राउझरला पाने पुरवायला अपाचे आणि शोधासाठी झेब्रा ही प्रणाली लागते. पुस्तकाची एक मार्क (ग्रंथालयांच्या ठरलेल्या साच्यातली) नोंद काही किलोबाइटचीच असते. त्यामुळे पन्नास हजार ग्रंथांची तालिका निर्देशांकासह (शोधासाठीच्या सूचीसह) मोजक्या गिगाबाइटमध्ये मावते. डिस्क मोठी नसली तरी चालते, पण ती एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) असावी, कारण शोध आणि पुनर्निर्देशांकन, म्हणजे ती सूची पुन्हा बनवणे, तिच्यावरच अडते. दोन-तीन देवघेव खिडक्यांच्या वाचनालयाला ४ जीबी रॅम पुरते, ८ जीबी असेल तर निश्चिंती. झेब्राऐवजी इलॅस्टिकसर्च ही दुसरी शोधप्रणाली घेतल्यास मात्र रॅम वाढवावी लागते. खिडकीवरच्या संगणकाला फक्त ब्राउझर हवा. यूएसबी बारकोड रीडर संगणकाला कीबोर्डसारखाच दिसतो, त्यामुळे सहसा वेगळे काही बसवावे लागत नाही.

बडोद्याला ग्रंथालयाच्या साधनांचा विचार नवा नाही. सयाजीराव गायकवाड तिसरे यांनी १९१० मध्ये विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला येथे आणले. मांडवीतल्या मध्यवर्ती ग्रंथालयात लोखंडी रॅकांच्या मजल्यांमध्ये काचेची जमीन घातलेली आहे, म्हणजे वरचा उजेड खालच्या पुस्तकांवर पडतो.

बडोद्यातल्या वाचनालयात मराठी, गुजराती आणि इंग्रजी पुस्तके शेजारी असतात. कोहा युनिकोडमध्ये नोंदी ठेवते, त्यामुळे तिन्ही लिप्या एका तालिकेत राहतात. झेब्राच्या मूळ जुळणीत देवनागरी शोध नीट लागत नाही. त्यासाठी आयसीयू या युनिकोड लिप्या हाताळणाऱ्या संचाची मांडणी चालू करून सगळ्या नोंदींचे पुन्हा निर्देशांकन करतात. नवे यंत्र लागत नाही, पण काम चालते तोवर सर्व्हर मंदावतो, म्हणून ते वाचनालय बंद झाल्यावर करावे. हे पाऊल गाळू नये. मराठी वाचकाला ‘ज्ञानेश्वरी’ टाइप करून ती मिळाली नाही, तर त्याच्या दृष्टीने ती ग्रंथालयात नाहीच.

वीज अचानक गेली तर विदा (डेटा) आणि डिस्क दोन्हींना धोका असतो. वीज गेल्यावर बॅटरीवर यंत्रे चालवणारा यूपीएस असा हवा की बॅटरी संपत आली की सर्व्हर आपोआप नीट बंद होईल. राउटर आणि स्विच हेही यूपीएसवरच असावेत, नाहीतर सर्व्हर चालू राहूनही खिडकी बंद पडते. बडोद्याच्या उन्हाळ्यात धूळ साचलेला पंखा यंत्र तापवतो. तो महिन्यातून एकदा साफ करावा.

पावसाळ्यात विश्वामित्री नदी शहरात शिरते. जुलै २०१९ आणि ऑगस्ट २०२४ मध्ये शहराचे अनेक भाग पाण्याखाली गेले होते. म्हणून सर्व्हर तळमजल्यावर ठेवू नये. कोहाची ‘कोहा-डंप’ ही आज्ञा विदा आणि मांडणी यांची प्रत काढते. ती रोज काढावी आणि एक प्रत नदीपासून लांब, दुसऱ्या इमारतीत ठेवावी. वर्षातून दोनदा ही प्रत एखाद्या जुन्या संगणकावर उतरवून पाहावी. ती तेथे चालली, तर सर्व्हर बिघडल्या दिवशी तोच संगणक खिडकी सांभाळतो.